पडद्यावरचा जुना कॉम्प्युटर: यंत्र निवडण्यापासून चित्रीकरणापर्यंत

कथेतलं वर्ष १९८४ असेल आणि टेबलावर कॉम्प्युटर हवा असेल, तर सहसा कुठून तरी एक जाडजूड मॉनिटर शोधून आणला जातो. पिवळा पडलेला, कडा झिजलेल्या, कीबोर्डच्या फटींत धूळ. प्रेक्षकाला तो जुना दिसतो, म्हणून काम झालं असं धरलं जातं. पण १९८४ मध्ये ते यंत्र जुनं नव्हतं. कदाचित त्याच महिन्यात खोक्यातून निघालं असेल, खोलीतली सगळ्यात महाग वस्तू असेल, आणि त्याला हात लावायची परवानगी फक्त एकालाच असेल. पात्रांच्या दृष्टीने ते यंत्र काय आहे, हे आधी ठरवायला हवं. ते ठरलं की रंगापासून आवाजापर्यंतचे बाकीचे बरेच निर्णय सोपे होतात.

हा लेख लघुपट, मालिका किंवा नाटक करणाऱ्यांसाठी आहे. ज्या क्रमाने काम करावं लागतं, त्याच क्रमाने पुढे जाऊ.

१. एक नाही, दोन वर्षं ठरवा

पहिलं वर्ष कथेचं. दुसरं वर्ष ते यंत्र त्या जागी आलं त्याचं. ही दोन्ही क्वचितच एक असतात. ऑफिसं आणि प्रयोगशाळा यंत्रं वर्षानुवर्षं वापरतात. डेक कंपनीचं व्हीटी१०० टर्मिनल (मोठ्या कॉम्प्युटरला जोडायचा स्क्रीन आणि कीबोर्ड) १९७८ मध्ये आलं, आणि ते १९८८ सालच्या प्रयोगशाळेत दिसलं तर काहीच वावगं नाही. उलट १९८८ सालच्या खोलीतली प्रत्येक वस्तू १९८८ चीच असेल, तर ती खोली दुकानातल्या मांडणीसारखी दिसते. खऱ्या खोलीत वयाचे थर असतात. नवा प्रिंटर, चार वर्षांचा कॉम्प्युटर, दहा वर्षांचा टेलिफोन. उलट्या दिशेची चूक मात्र खपत नाही: कथेच्या वर्षानंतर जन्मलेली एकही वस्तू फ्रेममध्ये नको.

यंत्राचं वय पात्राबद्दल बोलतं. ‘वॉरगेम्स’ (१९८३) मधल्या मुलाकडे आयएमएसएआय ८०८० आहे, आठ इंची फ्लॉपी ड्राइव्हसकट. हे यंत्र १९७५ च्या शेवटी बाजारात आलेलं. चित्रपट येईपर्यंत आयबीएम पीसी येऊनही दोन वर्षं होत आली होती. म्हणजे मुलाने तयार, चकचकीत काही विकत घेतलेलं नाही, इकडून तिकडून जमवलेलं आहे, आणि म्हणूनच त्याला ते आतून माहीत आहे. एका शब्दाशिवाय हे सगळं समजतं. ‘जुरासिक पार्क’ (१९९३) मध्ये नेमकं उलट. तिथल्या नियंत्रणकक्षात सिलिकॉन ग्राफिक्सचं क्रिमसन वर्कस्टेशन आहे आणि मागे लाल दिव्यांचा पडदा घेऊन थिंकिंग मशीन्सचा सीएम-५ हा सुपरकॉम्प्युटर उभा आहे. पैशाला मागेपुढे न पाहणाऱ्या मालकाने त्या वर्षी मिळणारं सर्वोत्तम ते आणलेलं आहे. ‘मॅड मेन’ मध्ये १९६९ च्या सुमारास जाहिरात कंपनीत आयबीएमचा सिस्टिम/३६० येतो. ही मालिका आयबीएमने १९६४ मध्येच जाहीर केली होती. कंपनीसाठी ते भविष्य असलं, तरी जगासाठी ते पाच वर्षांचं झालेलं आहे, आणि या अंतरातच त्या प्रसंगाची गंमत आहे.

तेव्हा यंत्र शोधायला निघण्यापूर्वी एका कागदावर लिहा: हे कोणी विकत घेतलं, कधी, कोणाच्या पैशाने, आणि आज ते कोण वापरतं.

२. घोळ करणाऱ्या छोट्या खुणा तपासा

यंत्र बरोबर निवडलं तरी एखादी बारीक वस्तू घात करते. सगळ्यात जास्त वेळा कीबोर्ड. विंडोजचं चिन्ह असलेली कळ १९९४ पूर्वीच्या कीबोर्डवर नव्हती, त्यामुळे १९८० च्या दशकातल्या दृश्यात ती दिसली की जाणकार तिथेच थांबतो. माऊसवरचं चाक सर्रास दिसू लागलं ते १९९६ नंतर. तळातून लाल प्रकाश टाकणारा माऊस घरोघरी पोचला तो त्याच्याही नंतर, दशक संपता संपता. कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूचे जांभळे-हिरवे रंगीत सॉकेट हेही नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धातलेच.

दिव्यांकडे विशेष लक्ष द्या. लाल एलईडी १९६० च्या दशकापासून आहेत, हिरवे आणि पिवळे त्यामागोमाग आले. पण तेजस्वी निळा एलईडी १९९३ च्या आसपास शक्य झाला आणि वस्तूंमध्ये सर्रास दिसायला आणखी काही वर्षं गेली. सेटवर कोणीतरी हौसेने निळे दिवे लावतो आणि १९७५ सालचा संगणककक्ष क्षणात आजचा होऊन जातो.

फ्लॉपीचं माप हे आणखी एक घड्याळ. आठ इंची १९७१ पासून, सव्वापाच इंची १९७६ पासून, साडेतीन इंची १९८१ पासून. साडेतीन इंचीच्या दोन्ही कोपऱ्यांत भोक असेल तर ती १.४४ मेगाबाइटची, म्हणजे १९८७ नंतरची. मॉनिटरची काच अगदी सपाट असेल तर तो नव्वदच्या दशकाच्या शेवटचा समजा. आधीच्या काचा फुगीर असत.

पुढच्या भागावर चिकटवलेली बोधचिन्हंही पाहा. ‘इंटेल इनसाइड’चा स्टिकर १९९१ पूर्वी नव्हता. तो काढताना खाली डाग राहतो, म्हणून चित्रीकरणाच्या दिवशी नाही, आधी काढा.

३. अस्सल, पोकळ, की नव्याने बांधलेलं?

टेबलावरचं यंत्र असेल तर अस्सल आणा, निदान बाहेरचं कवच तरी. प्लॅस्टिकची जाडी, कळांचा उतार, बटणाचा खटका यांची नक्कल चांगली होत नाही, आणि नटाच्या हाताला खरं वजन लागतं तेव्हा त्याची देहबोलीच बदलते. खोलीभर पसरणारं यंत्र मात्र बांधायलाच लागेल.

बांधलेल्या यंत्रांचा इतिहास मोठा वेधक आहे. अमेरिकी हवाई दलाच्या ‘सेज’ संरक्षणव्यवस्थेसाठी आयबीएमने एएन/एफएसक्यू-७ हा कॉम्प्युटर बनवला. व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा, सुमारे अडीचशे टनांचा. त्याची दिव्यांनी गच्च भरलेली पॅनेल निकालात निघाली तेव्हा ती हॉलिवूडच्या गोदामांत पोचली. ‘द टाइम टनेल’ (१९६६) मध्ये ती दिसतात, आणि त्यानंतर कित्येक चित्रपट-मालिकांत तीच ती पॅनेल पुन्हा पुन्हा येत राहिली. पन्नासच्या दशकातलं तंत्र भविष्यकाळ म्हणून दाखवलं गेलं. १९६६ च्या ‘बॅटमॅन’ मालिकेतल्या गुहेतही बरोज २०५ हा असाच आधीच्या दशकातला कॉम्प्युटर आहे. कारण साधं आहे. कॉम्प्युटर विचार करतो तेव्हा बाहेरून काहीच हलत नाही, आणि कॅमेऱ्याला हालचाल लागते. दिवे आणि फिरणाऱ्या टेपा ही हालचाल पुरवतात.

तुम्हीही त्याच दोन गोष्टी वापराल, तर त्या खऱ्यासारख्या करा. टेप ड्राइव्हची चाकं पंख्यासारखी सतत गरगरत नसत. कॉम्प्युटर एक तुकडा वाचे, थांबे, पुन्हा वाचे. म्हणून चाकं झटक्याने पुढे, थोडी मागे, मग स्तब्ध अशी हलत. या झटक्यांनी टेप तुटू नये म्हणून खाली दोन उभ्या पोकळ्यांत ती हवेच्या ओढीने सैल लोंबकळत ठेवलेली असे, आणि ते वरखाली होणारे फास फार देखणे दिसत. स्टेपर मोटर आणि एक साधा मायक्रोकंट्रोलर घेतला तर हे सगळं जमतं.

दिव्यांचं गणितही असंच. मनाला येईल तसे लुकलुकणारे दिवे खोटे वाटतात. खऱ्या पॅनेलवर प्रत्येक ओळ म्हणजे एक द्विमान संख्या. ती वाढत जाते तेव्हा एका टोकाचा दिवा इतका वेगाने उघडझाप करतो की तो मंद पेटल्यासारखाच दिसतो, त्याच्या शेजारचा निम्म्या वेगाने, त्याच्या शेजारचा त्याच्या निम्म्या, आणि दुसऱ्या टोकाचा जवळजवळ स्थिर. यंत्र कामाविना असेल तर छोटं आवर्तन पुन्हा पुन्हा येत राहतं. काम आलं की ते आवर्तन मोडतं. हा बदल दिग्दर्शकाला प्रसंगात वापरता येतो: संवादाशिवाय कळतं की यंत्राने काहीतरी सुरू केलं.

४. वीज देण्यापूर्वी

इथे घाई नको. चाळीस वर्षं बंद असलेलं यंत्र थेट प्लगला लावू नका. पहिली गोष्ट, ते कोणत्या व्होल्टेजचं आहे: काही यंत्रांवर ११५ आणि २३० असा सरकवायचा स्विच असतो, काही फक्त ११५ वरच चालतात आणि त्यांना ट्रान्सफॉर्मर लागतो. दुसरी, पॉवर सप्लायमधले जुने कागदी कपॅसिटर. ते वर्षांनुवर्षं ओल शोषतात आणि वीज दिल्यावर काही मिनिटांत फुटून खोली धुराने भरून टाकतात. तिसरी, मदरबोर्डवरची पिंपासारखी छोटी बॅटरी, जी गळून खालचे तांब्याचे मार्ग खाते. ही तिन्ही तपासणी इलेक्ट्रॉनिक्स जाणणाऱ्या माणसाकडून करून घ्या.

पिक्चर ट्यूबचं कवच स्वतः उघडू नका. रंगीत ट्यूबमध्ये वीस हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो साठून राहू शकतो.

आता रंग. प्लॅस्टिक पिवळं पडतं ते ऊन, उष्णता आणि हवेमुळे, वर्षानुवर्षं. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून अतिनील प्रकाशात ठेवलं की पिवळेपणा उतरतो, पण डाग-चट्टे पडू शकतात आणि तो पुन्हा येऊही शकतो. यंत्र उसनं आणलेलं असेल तर हे मुळीच करू नका, रंगही फासू नका. त्याऐवजी छायाचित्रणकाराशी बोला. थंड प्रकाश आणि नंतरच्या रंगसंस्कारात फक्त तो पिवळा उतरवला तर यंत्र बऱ्यापैकी नवं दिसतं. आणि अर्थातच कथेच्या वर्षी ते खरोखर दहा-बारा वर्षांचं असेल, तर पिवळेपणा ठेवाच.

५. स्क्रीनवर काय, आणि किती वेगाने

प्रेक्षक आता चित्र थांबवून वाचतात. ‘टर्मिनेटर’ (१९८४) मध्ये यंत्रमानवाच्या नजरेसमोरून सरकणारे आकडे आणि अक्षरं लोकांनी वाचली, तेव्हा ती ६५०२ प्रोसेसरसाठीची असेंब्ली भाषा निघाली, आणि त्यातला काही भाग ‘निबल’ या ॲपल टू वापरणाऱ्यांच्या मासिकातून आलेला होता. ‘मॅट्रिक्स रीलोडेड’ (२००३) मध्ये नायिका एनमॅप हे नेटवर्क तपासायचं खरंखुरं साधन चालवते, आणि त्या काही सेकंदांचं कौतुक जाणकार अजून करतात. खरा मजकूर टाकायला खोट्यापेक्षा जास्त कष्ट लागत नाहीत. त्या यंत्राची मूळ पुस्तिका शोधा आणि तिच्यातल्या आज्ञा वापरा.

माप आधी ठरवा. व्हीटी१०० वर ८० अक्षरांच्या २४ ओळी, आयबीएम पीसीवर ८० च्या २५, सुरुवातीच्या ॲपल टू वर फक्त ४० अक्षरांची ओळ आणि तीही कॅपिटल अक्षरांत. कागदावर छापणारं टेलिटाइप मॉडेल ३३ तर कॅपिटलशिवाय काही छापतच नसे, सेकंदाला दहा अक्षरं.

वेग हा माझ्या लेखी सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. फोनवरून दूरच्या कॉम्प्युटरशी जोडलेलं पात्र असेल तर मजकूर क्षणात भरत नाही. ३०० बॉडच्या (बॉड हे मजकूर पाठवण्याच्या वेगाचं माप) मोडेमवर सेकंदाला साधारण तीस अक्षरं येतात. ८० गुणिले २४ म्हणजे १९२० अक्षरं. पूर्ण स्क्रीन भरायला ६४ सेकंद. १२०० बॉडवर तीच १६ सेकंदांत भरते. नटाने ओळ येत असताना ती वाचत जायची असते, पूर्ण मजकूर आल्यावर नाही. या एका तपशिलाने प्रसंगाला आपोआप ताण येतो, कारण उत्तर अक्षर-अक्षराने उलगडतं. संपादकाला वेळ कापायची असेल तर त्याने चेहऱ्यावर कट घ्यावा. मजकुराचा वेग मात्र वाढवू नये.

हे करायचं कसं? मॉनिटर चालू असेल आणि त्याला कंपोझिट इनपुट (जुन्या टीव्हीसारखं एका तारेतून चित्र घेणारं सॉकेट) असेल, तर रास्पबेरी पायसारखा छोटा बोर्ड कवचामागे लपवून थेट जोडता येतो. त्यावर ‘सिमएच’ किंवा ‘मेम’सारखं एम्युलेटर (जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम) चालवा, किंवा ठरलेला मजकूर ठरलेल्या वेगाने छापणारा चार ओळींचा प्रोग्रॅम लिहा. त्यात एक सोय हमखास करा: नटाने कोणतीही कळ दाबली तरी स्क्रीनवर ठरलेलंच पुढचं अक्षर उमटावं. टायपिंगच्या चुकांमुळे टेक वाया जात नाहीत आणि नट चेहऱ्यावर लक्ष देऊ शकतो.

स्क्रीनवरचं चित्र नंतर संपादनात चिकटवण्यापेक्षा स्क्रीन सेटवर खरी पेटलेली केव्हाही चांगली. तिचा हिरवा किंवा अंबर प्रकाश नटाच्या हनुवटीवर आणि चष्म्याच्या काचेत पडतो, आणि तो मागाहून रंगवणं अवघड आहे.

६. कॅमेऱ्यासमोर पिक्चर ट्यूब

ट्यूबवरचं चित्र एकसंध नसतं. एक किरण वरून खाली सेकंदाला पन्नास-साठ वेळा ते रेखाटतो. कॅमेऱ्याचं शटर त्या चक्राशी जुळलं नाही की काळा पट्टा वरखाली सरकताना दिसतो. उपाय म्हणजे प्रत्येक फ्रेमचा एक्स्पोजर किरणाच्या एका पूर्ण फेरीइतका ठेवणं. सेकंदाला २४ फ्रेम असतील आणि मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल, तर शटर १/६० सेकंद, म्हणजे १४४ अंश (एका फ्रेमचा पूर्ण वेळ ३६० अंश धरून). मॉनिटर ५० हर्ट्झचा असेल तर २४ फ्रेमला १७२.८ अंश, २५ फ्रेमला १८० अंश, आणि हे शेवटचं सगळ्यात निवांत जुळतं. पीसीच्या व्हीजीए या चित्रपद्धतीतला मजकूर ७० हर्ट्झवर चाले. त्याला २४ फ्रेमवर सुमारे १२३.४ अंश लागतात. आयबीएमच्या मूळ हिरव्या मॉनिटरचा फॉस्फर (काचेच्या आतला चमकणारा लेप) इतका सावकाश विझतो की त्याच्यावर पट्टा कमी जाणवतो, पण सरकणाऱ्या अक्षरांमागे शेपूट उरतं. ते काढू नका, ते खरं आहे.

शटर जुळवल्यावरही एखादी बारीक रेघ उरू शकते. चांगल्या कॅमेऱ्यात शटर दशांशाने बदलता येतं. रेघ हळूहळू सरकत असेल तर ती थांबेपर्यंत बदला, मग ती मजकुराबाहेर जाईपर्यंत. व्यावसायिक चित्रपटांत हीच अडचण टाळण्यासाठी खास २४ फ्रेमवर चालणारे मॉनिटर वापरत.

कवचात आतून एलसीडी बसवला तर पट्ट्यांची कटकट संपते. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. समोर फुगीर पारदर्शक ॲक्रिलिक लावा, नाहीतर सपाटपणा लगेच कळतो. आणि लेन्सवर पोलरायझर असेल तर तो तपासून घ्या: एलसीडीचा प्रकाश आधीच एका दिशेत बांधलेला असतो, फिल्टर चुकीच्या कोनात फिरला तर स्क्रीन काळी ठिक्कर पडते. खऱ्या ट्यूबला हा धोका नाही.

७. हात आणि कान

नटाला यंत्रासोबत चित्रीकरणाआधी एक दुपार द्या. सव्वापाच इंची फ्लॉपी लेबल वर ठेवून आत सरकवायची, उघड्या खिडकीतल्या चकतीला बोट लावायचं नाही, मग खटका फिरवून बंद करायचं. आयबीएम पीसीचा लाल स्विच उजव्या बाजूला मागे असतो. तो पुढे शोधणारा हात लगेच खोटा वाटतो. ॲकूस्टिक कपलरच्या (फोनचा रिसीव्हर ठेवून जोडायच्या जुन्या मोडेमच्या) रबरी कपांत गोल टोकांचाच फोन बसतो, चपटा नाही. सगळ्यात मुख्य म्हणजे वाट पाहणं. त्या काळची माणसं कळ दाबून मागे रेलत, सिगारेट शोधत, शेजारच्याशी बोलत. आजचा नट अंगवळणी पडल्याप्रमाणे स्क्रीनवर डोळे रोखून बसतो.

ध्वनिमुद्रकाला आधीच सांगा की टीव्हीच्या प्रमाणात चालणारी ट्यूब अतिशय बारीक शिट्टी वाजवते: ५० हर्ट्झच्या पद्धतीत १५,६२५ हर्ट्झ, ६० च्या पद्धतीत सुमारे १५,७३४. वयस्कर माणसांना ती ऐकू येत नाही, माइकला येते. नंतर अरुंद फिल्टरने ती काढता येते, पण संवाद चालू असताना शक्य तिथे मॉनिटर बंदच ठेवा.

प्रत्येक अक्षराला ‘टिक टिक’ करणारी स्क्रीन प्रत्यक्षात क्वचितच असे. आवाज कीबोर्डचा होता, फ्लॉपी वाचणाऱ्या डोक्याच्या कुरकुरीचा होता, पंख्याचा होता. मोडेमची ती प्रसिद्ध लांबलचक किंचाळी नव्वदच्या दशकातली, वेगवान मोडेमची. १९८३ च्या प्रसंगात एक सरळ, एकसुरी शिट्टी पुरेशी आहे.

८. भोवतालचं टेबल, आणि परत करताना

कडेला भोकांच्या पट्ट्या असलेला सलग कागद, हिरव्या फिक्या पट्ट्यांचे प्रिंटआउट, रिंगच्या फायलीतल्या जाड पुस्तिका, कामानंतर यंत्रावर घालायचं आवरण. नवं, महाग यंत्र लोक झाकून ठेवत. त्या आवरणाला माझी पहिली पसंती, कारण ते काढण्याच्या कृतीत पात्राचं यंत्राशी असलेलं नातं दिसतं. कंपनीचं नाव झाकायचं असेल तर मूळ प्लॅस्टिकच्याच रंगाची पट्टी लावा. काळी चिकटपट्टी नावापेक्षा जास्त डोळ्यात भरते.

चित्रीकरण संपल्यावर ट्यूबचा मॉनिटर काच छातीकडे धरून उचला, कारण वजन पुढच्या भागात असतं आणि मागची निमुळती मान सगळ्यात नाजूक असते. फ्लॉपी ड्राइव्हमध्ये पुठ्ठ्याची चकती घालून खटका बंद करा, म्हणजे प्रवासात डोकी आपटत नाहीत. मालकाकडून आलेल्या मूळ फ्लॉप्या स्पीकर आणि मोटरींपासून दूर, वेगळ्या पेटीत परत पाठवा.